माती आणि गादी : खाशाबा जाधव यांचे जीवन

कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कराड शहराजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. सातारा जिल्ह्यातील या गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत सर्वांत धाकट्या असलेल्या खाशाबांच्या अंगाला तालमीची माती अगदी लहान वयात लागली. याच मुलाने पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, हे आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या पदकापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना दोन निरनिराळ्या कुस्त्या शिकाव्या लागल्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पहिली मातीतली, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दुसरी गादीवरची, नियमपुस्तकातून आलेली. या दोहोंमधील अंतर ओलांडणे हेच त्यांच्या आयुष्याचे खरे कर्तृत्व होय.

महाराष्ट्रातील कुस्ती ही मुळात सैनिकाची विद्या. मराठेशाहीच्या काळात तालमीत घुमलेला गडी उद्या मोहिमेवर जाणार, हे गृहीत असे. दांडपट्टा, लाठी, भाला, तलवार आणि कुस्ती ही एकाच घरची भावंडे होती. हातातले शस्त्र गळून पडले तर शेवटचा आधार कुस्तीचाच. या विद्यांचा सराव करताना जीव जाऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी साधने मवाळ केली. भाल्याच्या टोकाला कापडाचा गोळा बांधून बोथाटी तयार झाली. तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेला गदगा आणि ढालीच्या जागी फरी आली. १८१८ साली पेशवाई बुडाली, पुढे इंग्रजांच्या शस्त्रबंदीच्या कायद्याने घराघरांतील हत्यारे गेली, आणि युद्धासाठी जन्मलेल्या या विद्या जत्रेत, आखाड्यात आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत उरल्या. त्यांपैकी कुस्ती मात्र जोमाने वाढली. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी तिला राजाश्रय दिला. रोममधील प्राचीन रंगमंडल पाहून आल्यावर त्यांनी खासबागेचे मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले, आणि उत्तरेतील पंजाबपासूनचे मल्ल कोल्हापूरच्या मातीत उतरू लागले.

या मातीचे शास्त्र वेगळे होते. लाल माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून हौदा तयार केला जाई. मल्ल हनुमंताला नमस्कार करून चिमूटभर माती कपाळाला लावी. जोड ठरवताना वजनकाट्याचा संबंध नसे; वस्ताद अंगलट, वय आणि कीर्ती पाहून जोड लावत. निकाल एकच : पाठ मातीला टेकली की मल्ल चीतपट. गुण नव्हते, घड्याळाचा धाक नव्हता. दोन तुल्यबळ मल्ल तासभर एकमेकांना भिडून राहत आणि अखेरीस पंच ती कुस्ती बरोबरीत सोडवत. दम, ताकद आणि चिकाटी यांची ती परीक्षा होती. मल्लाच्या पाठीशी असे त्याचा वस्ताद. आणि तेवढे पुरत असे.

खाशाबांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. सकाळ-संध्याकाळ जोर, बैठका आणि लढत. मधल्या वेळी शाळा. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता. त्या धामधुमीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोहोचवणे अशी कामे या तरुण विद्यार्थ्यानेही केली. पुढे उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शरीराने ते लहानखुरे होते. मोठ्या देहाच्या मल्लांच्या त्या नगरीत अशा गड्याकडे प्रथम कोणी फारसे वळून पाहिले नसेल. परंतु चपळाई आणि डावांची जाण यांच्या बळावर त्यांनी आपले स्थान निर्माण केले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव : प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडून, कमरेच्या झोक्याने त्याला उचलून पाठीवर आदळायचे. खासबागेच्या मैदानात या डावाला टाळ्या पडत. आणि पुढे हाच डाव सातासमुद्रापलीकडे कामी आला.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला. लंडनमध्ये उतरल्यावर खाशाबांनी प्रथमच गादीवरच्या कुस्तीचा खरा अनुभव घेतला. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना तिचे नियम आणि पवित्रे शिकवले. अवघ्या थोड्या दिवसांच्या या शिदोरीवर त्यांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून मात खाल्ली, आणि सहावे स्थान मिळवले.

गादीवर उतरल्यावर मातीतल्या मल्लाला सगळेच परके वाटते. माती पायाखाली दबते, पाय रुतू देते. गादीवर पाय सटकतो, हालचाल वेगाने होते. मातीत घाम शोषला जातो, तेथे अंग निसरडे होते. मातीत लांगेला किंवा जांघियाला हात घालून पकड घेता येते. फ्रीस्टाइल कुस्तीत पोशाखाला हात लावणे निषिद्ध. मातीत पालथे पडून दम खात राहता येते. गादीवर पाठीमागे गेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात गुण जमा होतात. त्या काळी ऑलिंपिकमधील लढत १५ मिनिटांची असे, आणि कोणी चीतपट न झाल्यास तीन पंच निकाल देत. त्यामुळे न पडता हरता येते, ही गोष्ट भारतीय मल्लाच्या मनाला प्रथमच शिकवावी लागे. खाशाबांनी ती लंडनमध्ये शिकून घेतली आणि परतल्यावर प्रशिक्षक गोविंद पुरंदरे यांच्या मार्गदर्शनाखाली पुढील चार वर्षे नव्या कुस्तीचा ध्यास घेतला.

हेलसिंकीत खाशाबांची गाठ ज्या मल्लाशी पडणार होती तो जपानी होता. आणि त्याच्या देशाने जुन्या युद्धविद्येचे नव्या खेळात रूपांतर करण्याचा प्रयोग सत्तर वर्षे आधीच केला होता. म्हणून येथे थोडे जपानकडे वळले पाहिजे.

जपानमधील सामुराई योद्ध्यांची निःशस्त्र झुंज म्हणजे जुजुत्सू. चिलखत घातलेल्या शत्रूला पाडणे, त्याचा सांधा मोडणे, गळा आवळणे, मर्मावर प्रहार करणे, हे तिचे उद्दिष्ट. तिची अनेक घराणी होती आणि प्रत्येक घराणे आपले डाव गुप्त ठेवी. हे डाव खऱ्या जोराने करून पाहणे धोक्याचे असल्यामुळे शिक्षणात भर असे तो ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींवर, ज्यांना काता म्हणतात. १८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर सामुराई वर्ग मोडीत निघाला, १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी आली, आणि या विद्या जुनाट म्हणून उपेक्षित झाल्या. आपल्याकडे पेशवाईनंतर जे झाले, तेच तेथे झाले.

तेथे एका शिक्षकाने ही विद्या वाचवली. जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. शरीराने लहान, शाळेत दांडगटांचा त्रास सोसलेले कानो विद्यापीठात शिकत असताना जुजुत्सूच्या जुन्या गुरूंकडे गेले. दोन घराण्यांची विद्या आत्मसात करून १८८२ साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात त्यांनी मूठभर शिष्यांसह कोदोकान ही संस्था सुरू केली. जुजुत्सूमधील जुत्सू म्हणजे कसब. त्याऐवजी त्यांनी दो, म्हणजे मार्ग, हा शब्द घेतला आणि विद्येला ज्युदो हे नाव दिले. प्राणघातक प्रहार आणि घातक पकडी त्यांनी मुक्त सरावातून काढून केवळ कातामध्ये जपल्या. उरलेले डाव मात्र शिष्यांना पूर्ण जोराने, प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर रोज वापरता येऊ लागले. येथेच नव्या पद्धतीचे मर्म आहे. कागदावर जुनी विद्या अधिक भयंकर होती. परंतु जो डाव कधी खऱ्या प्रतिकारापुढे करून पाहिला नाही, तो ऐन वेळी हाताशी येईल याची खात्री कोणी द्यावी? १८८० च्या दशकात टोकियो पोलिसांच्या स्पर्धांत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या मल्लांना हरवले, तेव्हा याची प्रचीती आली.

इतर विद्यांनीही हीच वाट धरली. तलवारीच्या केंजुत्सूतून बांबूची तलवार आणि मुखवटा वापरणारा केंदो रूढ झाला. आपल्या फरीगदग्याचा हा जपानी भाऊच. ओकिनावा बेटावरील कराटे १९२२ साली गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत आणले, आणि त्यानेही ज्युदोचा पांढरा पोशाख व श्रेणींची पद्धत स्वीकारली. या बदलात काही गमावलेही गेले. शस्त्रासह लढण्याची जोड सुटली, अनेक घराण्यांचे बारकावे लोपले, आणि पुढे ऑलिंपिकमध्ये शिरल्यावर जोडीला गुणफलक आणि वजनी गट आले. मिळाले ते असे की, पूर्वी मूठभर योद्ध्यांच्या मुलांपुरती असलेली विद्या शाळेच्या पटावरील प्रत्येक मुलाची झाली. कानो स्वतः दोन दशकांहून अधिक काळ टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. ज्युदो हे त्यांनी शिक्षणाचेच अंग मानले. १९२९ साली रवींद्रनाथ टागोरांनी शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकाला शांतिनिकेतनात ज्युदो शिकवण्यासाठी बोलावले, ते याच भूमिकेतून.

दुसऱ्या महायुद्धात जपान पराभूत झाल्यावर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने या युद्धविद्यांवर बंदी घातली. शाळांतील ज्युदो १९४५ साली थांबला तो १९५० पर्यंत. त्या काळात शोहाची इशिई नावाच्या तरुण ज्युदोपटूने पोशाख उतरवून फ्रीस्टाइल कुस्तीची गादी जवळ केली. खाशाबा मातीतून गादीवर आले होते, इशिई ज्युदोतून. दोघांचेही हाडामांसात मुरलेले संस्कार जुन्या विद्येचे होते आणि दोघेही परक्या नियमांत आपले डाव बसवू पाहत होते. फरक एवढाच की इशिईंच्या मागे नियमबद्ध स्पर्धा, प्रशिक्षण आणि संघटना यांची सत्तर वर्षांची परंपरा उभी होती. खाशाबांच्या मागे काय होते, ते हेलसिंकीला जाण्याआधीच दिसून आले.

१९५२ च्या निवडीच्या वेळी प्रथम खाशाबांचे नाव वगळले गेले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती त्यांनी निर्विवाद जिंकली. निवड झाली, पण पैसे नव्हते. सरकारदरबारी पुरेशी मदत मिळेना. गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली, तरीही रक्कम अपुरी पडत होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि ते आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. जपानमध्ये जे काम संस्थांनी केले, ते येथे एका प्राचार्याने आपल्या घराच्या कागदपत्रांवर केले.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ या तिघांना त्यांनी हरवले. अंतिम टप्प्यात त्यांची गाठ इशिईंशी पडली. ही लढत पूर्ण वेळ चालली आणि अटीतटीच्या झुंजीनंतर पंचांनी कौल इशिईंना दिला. मातीत ही कुस्ती कदाचित आणखी तासभर चालली असती. गादीवर घड्याळाने ती संपवली. त्यानंतर सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी झुंज होती. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, परंतु तो दाखवून देऊन हक्क मागणारा भारतीय अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशिईंना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. इशिईंचे ते पदक युद्धोत्तर जपानचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक ठरले, तर खाशाबांचे पदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. त्याच स्पर्धेत वरच्या वजनी गटात केशव माणगावे यांनी चौथा क्रमांक मिळवला आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

त्या एका दुपारचा धडा मोठा आहे. जुन्या विद्येत मल्ल आणि वस्ताद एवढे दोघे पुरत. नव्या खेळात मात्र मल्लाइतकाच महत्त्वाचा ठरतो तो नियमपुस्तक हाती घेऊन त्याच्या बाजूला उभा राहणारा माणूस. खाशाबा नवी कुस्ती शिकले होते. त्यांच्यामागची व्यवस्था अजून शिकायची होती.

गावकऱ्यांनी मात्र आपल्या परीने सोहळा केला. कराड स्थानकापासून गोळेश्वरापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशांच्या गजरात, गुलालात न्हालेले खाशाबा आपल्या गावी परतले. या कौतुकात ते ऋण विसरले नाहीत. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः मातीत उतरले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. गादीवर मिळवलेल्या पदकाचे कर्ज मातीतल्या कुस्तीने फेडले.

१९५५ साली खाशाबा पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या कुस्ती स्पर्धा त्यांनी गाजवल्या आणि पुढे सहकाऱ्यांना प्रशिक्षणही दिले. सुमारे पाव शतकाहून अधिक सेवेनंतर सहायक पोलिस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. ऑलिंपिक पदकविजेत्याला मिळावा तसा मान त्यांना हयातीत मिळाला नाही. निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश करण्यात आला. तो मोजक्या सन्मानांपैकी एक. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर भारताला ऑलिंपिकमधील दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली आले. मधल्या छप्पन्न वर्षांत भारतात मल्लांची वाण नव्हती. गाद्या, प्रशिक्षक आणि जाणकार अधिकारी यांची होती. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात. गावोगावच्या तालमींत हौद्याशेजारी गादी अंथरलेली दिसते. लहान वयाचा मल्ल सकाळी मातीत दम कमावतो आणि संध्याकाळी गादीवर गुणांचा हिशेब शिकतो. जपानी शिष्य काता आणि मुक्त सराव दोन्ही करतो, तसाच हा प्रकार आहे. जुने टाकावे की नवे घ्यावे, असा हा वाद नाही. जुन्याचा कस आणि नव्याची शिस्त यांची जोड जमते तेथे मल्ल घडतो. खाशाबांना ही जोड एकट्याने, चार वर्षांत, पदरमोड करून जमवावी लागली.

शासनाने त्यांना मरणोत्तर २००० सालचा अर्जुन पुरस्कार दिला. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलात कुस्तीसाठी उभारलेल्या सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले. यमुनेच्या काठचे हे सभागृह राजधानीतील मराठी माणसाला फार दूर नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये आशियाई कुस्ती स्पर्धा तेथेच झाली. तीत जपानचे मल्लही गादीवर उतरले होते. त्या वेळी भारतीय मल्लांच्या सोबत प्रशिक्षक होते, वैद्यक होते, आणि पंचांच्या निर्णयाला नियमानुसार आव्हान देणारी माणसेही बाजूला बसलेली होती.